आईला न दिसणारं स्टेटस

पत्राचा गोषवारा (नाव आणि ओळख पटेल असा तपशील वगळून):

पत्र पाठवणारी 23 वर्षांची आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची. ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेन इथे इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करते. शिक्षणाचं कर्ज घर तारण ठेवून काढलेलं. तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यातच पाच जणांचा ग्रुप जमला : ही, पुण्याचे दोघे, एक नागपूरची आणि एक हैदराबादचा. दर शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर विषय निघतो, "या वीकेंडला कुठे?" ऑक्टोबरात अॅमस्टरडॅम झालं, नोव्हेंबरात पॅरिस, नाताळच्या सुट्टीत प्राग, जानेवारीत ब्रसेल्स आणि ब्रुझ. प्रत्येक वेळी हिने मनात नाही म्हटलं आणि ग्रुपवर अंगठा टाकला. ती शाकाहारी आहे. बाहेर बहुतेकदा फ्राइज खाते आणि बिल मात्र पाचांत सारखं वाटलं जातं. घरी यातलं काहीच माहीत नाही. फोटोंचं स्टेटस ठेवते ते आई, बाबा आणि मोठा काका सोडून बाकीच्यांना दिसेल असं. आई विचारते, "रविवारी काय केलंस गं?" तर ही सांगते, "लायब्ररीत होते." फेब्रुवारीत चारपैकी एका विषयात नापास झाली. तेव्हापासून झोप नीट नाही. ती लिहिते : "ताई, मी फिरणं कायमचं बंद करू का? केलं तर यांना कारण काय सांगू? चिंगूस म्हणतील. आणि खरं सांगू, रविवारी आमच्या हॉस्टेलमध्ये इतकी शांतता असते की नळ गळला तरी ऐकू येतं. मी तिथे बसून करू काय?"

* * *

तुझं पत्र वाचून झालं आणि मी आधी कागद घेऊन बेरीज केली. तू आकडे दिले होतेस म्हणून बरं झालं. अॅमस्टरडॅम 130, ब्रसेल्स-ब्रुझ 85, पॅरिस 190, प्राग 235. एकूण 640 युरो, चार महिन्यांत. तू लगेच त्याला शंभराने गुणलंस आणि खाली लिहिलंस, "चौसष्ट हजार! बाबांचा दोन महिन्यांचा पगार!" उद्गारचिन्हं तुझीच.

तो गुणाकार खरा आहे, आणि तो तू विसरू नयेस असंच मला वाटतं. पण तिथे राहून रोज तोच एक गुणाकार करत बसलं तर माणूस पावही विकत घेऊ शकणार नाही. म्हणून मी दुसराही हिशेब मांडला. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, तुला महिन्याला 992 युरो मिळतात. खोलीचं भाडं 390, आरोग्यविमा दीडशेच्या आसपास, जेवण 200, फोन आणि किरकोळ 40, सत्रशुल्कासाठी दर महिन्याला बाजूला 55. उरतात दीडशे आणि वर थोडे. चार महिन्यांत तू खर्च केलेस महिन्याला सरासरी 160.

म्हणजे तू बुडालेली नाहीस. उरलेलं सगळं खर्चून टाकलंस, हाताशी काही राहिलं नाही, आणि ही चांगली गोष्ट नव्हेच. चष्मा फुटला, दात दुखला, खोली बदलावी लागली तर पंचाईत होईल. शिवाय तिथे राहण्याचं पर्मिट वाढवायला जाशील तेव्हा पुढच्या काळाची पैशाची सोय पुन्हा दाखवावी लागेल. पण तुझ्या पत्रातून जो अपराधीपणा डोकावतो तो या आकड्यांपेक्षा खूप मोठा आहे. दीडशेच्या जागी 160 गेले म्हणून कुणाची झोप उडत नाही. तेव्हा मी पत्र पुन्हा वाचायला घेतलं.

तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं. आई-बाबांनी "फिरू नकोस" असं म्हटल्याचं एकही वाक्य त्यात नाही. मी शोधलं. "त्यांना कळलं तर काय वाटेल" हे चार वेळा आहे. "काका म्हणतील कर्ज काढून मजा मारतेय" हे एकदा आहे. आई मात्र एवढंच विचारते की रविवारी काय केलंस. मला हा प्रश्न पाळत ठेवणाऱ्या बाईचा वाटत नाही. मुलगी सात हजार किलोमीटरवर एकटी आहे, सुट्टीच्या दिवशी तिला कुणी आहे का, हे आईला जाणून घ्यायचंय. तू तिला प्रत्येक वेळी सांगतेस, लायब्ररीत होते. म्हणजे तिच्या डोळ्यासमोर गेले पाच महिने कोणती मुलगी आहे? दर रविवारी लायब्ररीत एकटी बसलेली. तिला काळजी वाटू नये म्हणून तू खोटं बोललीस, आणि त्या खोट्यातूनच तिने काळजी वाढवून घेतली असेल. असं नसेलही, मी तुझ्या आईला ओळखत नाही. पण तू ओळखतेस, म्हणून विचार करून बघ.

आता लपवण्याची दुसरी बाजू. घरच्यांपासून तू फिरणं लपवतेस आणि मित्रांपासून पैसे नसणं. दोन्हीकडे दोन वेगळ्या मुली वावरतात आणि त्या दोघींचा ताळमेळ ठेवता ठेवता तू दमतेस. प्रागच्या पुलावर उभी राहून फोटो कुणाला दिसेल याच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या माणसाला प्राग दिसलं तरी कितीसं असेल? तू त्या सहलीबद्दल पत्रात लिहिलेली एकमेव गोष्ट म्हणजे थंडीत बोटं बधिर झाली होती आणि फोन नीट चालत नव्हता.

एक जुनी गोष्ट सांगते. मी 1995 साली जर्मनीत भाषा शिकायला होते. त्याच वर्षी तिथल्या रेल्वेने एक तिकीट काढलं होतं. 15 मार्कांत (युरोच्या आधीचं तिथलं चलन) पाच जणांनी शनिवार-रविवार दोन्ही दिवस लोकल गाड्यांतून देशभर वाट्टेल तिथे हिंडायचं. माणशी 3 मार्क! आम्ही वेडावलोच होतो. दर शनिवारी पाठीवर पिशवी. आमच्यात एक मुलगी होती जी दोनदा यायची आणि तिसऱ्यांदा काहीतरी कारण काढायची. ती भाव खाते असं आमचं ठरून गेलं होतं. एका रविवारी आमच्याच गोंधळाने शेवटची गाडी चुकली आणि रात्र स्टेशनवर काढावी लागली. मार्च महिना, गारठा मी म्हणत होता. फलाटावरच्या यंत्रातून गरम कोको घ्यायचा म्हणून सगळ्यांनी नाणी काढली. ही म्हणाली, मला नको, मला तहान नाही. कोकोला तहान कशाला लागते? तिथे आम्हाला कळलं. तिच्याजवळ दोन मार्क होते आणि ते तिला मंगळवारपर्यंत पुरवायचे होते. तिकिटाचे 3 मार्क तिला जड नव्हते. तिकिटानंतरचं जड होतं : कॉफी, केक, किल्ल्याचं प्रवेशशुल्क, "अरे घे ना". त्यानंतर आम्ही जेवण घरून न्यायला लागलो, आणि खरं सांगते, त्यात आमच्यातल्या आणखी दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बोलली मात्र तीच पहिली, तीही रात्री एक वाजता, नाइलाजाने.

तुझ्या ग्रुपमध्येही "मी सोडून सगळ्यांकडे भरपूर आहे" असं तू धरून चाललीस. कशावरून? ते कर्ज काढून आलेले नाहीत असं कुणी सांगितलं? पाचातल्या किमान एकाला तुझ्यासारखंच पोटात गोळा येत असणार, आणि तोही शुक्रवारी अंगठाच टाकत असणार. मी पैज लावायला तयार आहे.

तेव्हा कारण काय सांगू, याचं उत्तर : कारण सांगूच नकोस, आकडा सांग. "अभ्यास आहे", "बरं नाही", "प्रोजेक्टची मीटिंग आहे" ही कारणं एकदोनदा चालतात, मग लोक ती मोडून काढायला लागतात ("अगं रविवारी कसली मीटिंग!"). आकडा मोडून काढता येत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला, कुणी विषय काढण्याच्या आधी, लिहून टाक : "या महिन्यात फिरायला माझ्याकडे 60 युरो आहेत. त्यात बसत असेल तर मी आहे, नाहीतर पुढच्या खेपेला." एवढंच. माफी नको, हसरे चेहरे नकोत. चिंगूस कोण? असून जो काढत नाही तो. नसताना नाही म्हणणाऱ्याला आपल्या भाषेत तो शब्द नाहीच.

60 का म्हणते? दीडशेतले निम्म्याहून जास्त हाताशी राहावेत म्हणून. आणि शंभराने गुणण्याऐवजी दुसरं एक माप देते, ते तिथे जास्त उपयोगी पडतं. जानेवारी 2026 पासून तिथलं किमान वेतन ताशी 13 युरो 90 सेंट आहे. तू विद्यार्थी-सहायकाचं काम शोधतेच आहेस. तुझी प्रागची सहल म्हणजे सतरा तासांचं काम. चारही सहली मिळून 46 तास, आठवड्याला 10 तास धरले तर साडेचार आठवडे. एखादं ठिकाण सतरा तासांच्या मोलाचं वाटलं तर जरूर जा, पोटभर बघ. फ्राइज खाऊन परत यायला सतरा तास द्यायचे नसतील तर नको जाऊस. रुपयांचा गुणाकार तुला बाबांसमोर गुन्हेगार म्हणून उभं करतो. तासांचा हिशेब तुझा तुझ्याशी असतो.

बिलाचं तर मला हसूच आलं. कॉलेजात टीटीएमएम करणारी आपली पोरं, कॉन्ट्री काढताना चहाचे दोन रुपये न विसरणारी, युरोपात गेल्यावर बिल सारखं वाटतात! आणि तेही जर्मनीत, जिथे वेटर बिल आणतानाच विचारतो, "एकत्र की वेगवेगळं?" त्या देशात वेगळं म्हणण्यात कुणालाच काही वाटत नाही, दोन म्हातारे मित्र चाळीस वर्षं एकाच टेबलावर बसून आपापली बिअर भरतात. तू बसल्या बसल्या पहिल्या मिनिटाला म्हण, "माझं वेगळं हं." ऑर्डर दिल्यावर किंवा अॅपवर हिशेब चढल्यावर म्हटलंस तर तो वाद होतो. आणि डब्याची लाज सोड. आपल्याकडे एसटीने पंढरपूरला जायचं तरी शिदोरी बांधतात. तुझ्याकडे घरचं भडंग आहे असं तू लिहिलंयस. गाडीत एकदा ते बाहेर काढ आणि हैदराबादच्या मुलाचं काय होतं बघ.

आता नापास झाल्याबद्दल. तू सरळ रेघ ओढलीस : फिरले, म्हणून नापास झाले. मी दिवस मोजले. चार सहलींत मिळून नऊ दिवस, त्यातले चार नाताळच्या सुट्टीतले. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत साडेतीन महिन्यांहून जास्त काळ. नऊ दिवसांनी विषय बुडतो का? मला वाटतं तुला जर्मन सत्राच्या आकाराने फसवलं. आपल्याकडे युनिट टेस्ट, सबमिशन, ओरल, व्हायवा असं कुणीतरी सारखं मानगुटीवर बसलेलं असतं. तिथे बहुतेक लेक्चरना हजेरी नाही, कुणी विचारत नाही, डिसेंबरपर्यंत सगळं रिकामं रिकामं वाटतं आणि मग फेब्रुवारीत एका पेपरावर पूर्ण विषयाचा निकाल. हा फटका न फिरणाऱ्यांनाही बसतो. तेव्हा प्रामाणिकपणे स्वतःला विचार, सोमवार ते शुक्रवार मी काय करत होते? सहलीच्या नंतरचे दोन दिवस आळसात आणि अपराधीपणात, आणि पुढचे दोन शुक्रवारची धास्ती घेण्यात, असं तर नव्हतं?

करायच्या गोष्टी तीन, आणि त्या लगेच. निकालानंतर तपासलेला पेपर बघायचा दिवस असतो, त्याला जा. आपली मुलं लाजून जात नाहीत, आणि नेमकं कुठे चुकलं ते तिथेच कळतं. विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, म्हणजे फाखशाफ्टकडे, जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, त्या आण. आणि पुन्हा परीक्षेला बसण्याची आणि नाव मागे घेण्याची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेव. बहुतेक ठिकाणी तीनच संधी असतात; तुझी एक गेली. तिसरीही हुकली तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. घाबरवत नाहीये. पण ग्रुपवर लंडनची चर्चा सुरू असताना ही तारीख तुझ्या डोळ्यांसमोर असलेली बरी.

लंडनवरून आठवलं. तुझं जर्मन पर्मिट लंडनला चालत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनबाहेर, म्हणजे सामायिक व्हिसाच्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहेत, त्यांचा व्हिसा वेगळा. शेंगेनमधल्या दुसऱ्या देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं; जर्मनीतले दिवस त्यात मोजत नाहीत. पण मूळ पासपोर्ट आणि पर्मिटचं कार्ड दोन्ही जवळ हवं, फोनमधला फोटो नव्हे. "युरोपात सीमाच नाहीत" असं म्हणत रिकाम्या हाताने जाणारे पुष्कळ भेटतात. सप्टेंबर 2024 पासून जर्मनी आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी करतोय, बसमध्ये पोलीस चढतात. ग्रुपमधल्या कुणाचं पर्मिट अजून आलं नसेल आणि हातात नुसतं तात्पुरतं पत्र असेल, तर देशाबाहेर जाण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात विचारूनच पाऊल टाकायचं. त्या पत्रांचेही प्रकार असतात. सरकारी आरोग्यविम्याच्या कार्डाची मागची बाजू युरोपीय संघात अडीअडचणीला चालते, पण डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये आपल्यासारख्या बिगर-युरोपीय नागरिकांना चालत नाही. तिथे जायचं तर प्रवासविमा वेगळा काढा. आणि 15 युरोच्या विमानाच्या तिकिटावर भाळण्यापूर्वी नकाशा उघडा. ब्रसेल्स म्हणून जो शार्लरुआचा विमानतळ विकला जातो तो ब्रसेल्सपासून पन्नासएक किलोमीटरवर आहे, आणि पॅरिसचा म्हणून मिरवणारा बोव्हेचा तर ऐंशीच्याही पुढे. बसचं भाडं आणि पहाटे तीनचं उठणं धरलं की ते तिकीट 15 युरोचं राहत नाही.

आणि एक चुकचुकणारी गोष्ट. तू पॅरिसला लुव्र संग्रहालयाचे 22 युरो भरलेस. 26 वर्षांच्या आत असशील आणि युरोपीय संघात राहत असल्याचा पुरावा दाखवलास तर लुव्र फुकट आहे. ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडासुद्धा. नागरिकत्व लागत नाही, तिथलं राहणं पुरतं. तुझ्याकडे अजून जवळजवळ तीन वर्षं आहेत. हे वाचणाऱ्या बाकीच्या मुलामुलींनीही वय आणि पर्मिट दोन्ही प्रत्येक खिडकीवर आधी दाखवावं, मग पाकीट काढावं.

"पुन्हा कधी येणार युरोपला?" हे वाक्य तुमच्या ग्रुपवर दर शुक्रवारी पडतं म्हणतेस. या वाक्याने भल्याभल्यांचे खिसे रिकामे केले आहेत. पण ते पर्यटकांसाठी आहे, ज्यांचं परतीचं तिकीट दहाव्या दिवसाचं असतं. तू तिथे किमान दोन वर्षं राहणार आहेस. तुझ्या पाच महिन्यांत तू चार राजधान्या पाहिल्यास आणि आखेनबद्दल पत्रात एक ओळ लिहिलीस : "इथे बघण्यासारखं काही नाही." अगं, युनेस्कोने 1978 साली जागतिक वारशाची जी पहिली बारा स्थळं निवडली, त्यांत तुमच्या गावचं कॅथेड्रल आहे! शार्लमेन सम्राट तिथे पुरलाय. गावात मधोमध गंधकाच्या गरम पाण्याचे झरे आहेत, आपल्या वज्रेश्वरीसारखा वास येतो. (प्यायचं नाही, वास घेऊन पुढे जायचं.)

गावाच्या टोकाला चालत गेलीस की फाल्स लागतं, तो नेदरलँड्स. तिथल्या टेकडीवर, 322 मीटर उंचीवर, जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स एका दगडाशी भेटतात. एके काळी तिथे चार सीमा होत्या, कारण न्यूट्रल मोरेनेट नावाचा चिमुकला, कुणाचाच नसलेला प्रदेश 1816 पासून पहिल्या महायुद्धानंतरपर्यंत तिथेच होता. नेदरलँड्समधल्याच मास्ट्रिख्टला बस जाते, तासाभराची. तू ज्या युरोला रोज शंभराने गुणतेस त्याचा पाया घालणाऱ्या करारावर 1992 मध्ये त्याच गावात सह्या झाल्या; तिथे तेराव्या शतकातल्या एका चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे, आत फिरायला पैसे पडत नाहीत. बेल्जियममधल्या लिएजला रविवारी सकाळी नदीकाठी मैलभर बाजार भरतो, अगदी आपल्या आठवडे बाजारासारखा आरडाओरडा. कोलोन तासाभरावर, आणि सत्राच्या तिकिटात लोकल गाडी आलीच.

आणि आयफेल. पॅरिसच्या मनोऱ्याचं नाव ऐकून तू दोन दिवस घालवलेस, पण ते नाव तुझ्या मागच्या अंगणातलं आहे. आखेनच्या दक्षिणेला आयफेल ही डोंगररांग आहे. मनोऱ्याच्या गुस्ताव्ह आयफेलचे पूर्वज अठराव्या शतकात तिथूनच पॅरिसला गेले आणि गावाकडचं नाव आडनाव म्हणून लावायला लागले, सांगलीकर आणि मिरजकर होतात तसंच. त्या डोंगरात मोनशाऊ नावाचं लाकडी चौकटींच्या घरांचं गाव आहे, आखेनहून बस जाते. सकाळी निघून संध्याकाळी परत. खर्च एका कॉफीचा.

मी हे पर्यटन खात्यासारखं का सांगत बसले? कारण ग्रुपला नुसतं नाही म्हणणारा माणूस हळूहळू ग्रुपबाहेर जातो, आणि तुझी भीती खोटी नाही. दोनदा नाही म्हणालीस की तिसऱ्यांदा एक बेत तू टाकायचा. "रविवारी मोनशाऊ, साडेनऊची बस, डबा आपापला, चहा माझ्याकडून." तुमच्या ग्रुपमध्ये बेत नेहमी पुण्याचे दोघे ठरवतात असं दिसतं. जो ठरवतो त्याच्या खिशाच्या मापाने सहल शिवली जाते. एकदा तू माप दे. कोण येतं बघ. कदाचित दोघंच येतील, आणि त्या दोघांशी चार तास चालताना तू जे बोलशील ते चार राजधान्यांत पाच जणांशी बोलली नसशील. मोठी सहलही सोडू नकोस, पण सत्रात एक, परीक्षा झाल्यावर, सहा आठवडे आधी तिकीट काढून. शुक्रवारी ठरलेली सहल महागच पडते.

शेवटचा तुझा रविवार. पत्रात तू तो सगळ्यात शेवटी, पैसे आणि परीक्षा सांगून झाल्यावर, ओझरता लिहिलास. मला तोच मुख्य वाटला. तिथे रविवारी दुकानं बंद, बाटल्यांच्या कुंडीत काच टाकायलाही बंदी, डिसेंबरात साडेचारला अंधार. ज्या घरात सकाळी कुकरच्या शिट्ट्या, भावाचा क्रिकेटचा आवाज आणि शेजारच्या काकूंची हाक असते तिथून गेलेल्या मुलीला तो दिवस खायला उठतो. तू अॅमस्टरडॅमला गेलीस ते कालवे बघायला गेलीस का? निदान जानेवारीतलं ब्रसेल्स तरी मला खोलीतून पळण्यासारखं वाटतं. त्याचा उपाय दर आठवड्याला 85 युरोचा असू शकत नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे वर्ग स्वस्त असतात, त्यातला एखादा शनिवार-रविवारचा धर. स्वयंपाकघर सामायिक आहे तर रविवारी तिथे काहीतरी वेळखाऊ कर, पुरणपोळी नाही तर थालीपीठ. वासाने माणसं येतात. आणि झोप अजून महिनाभर अशीच राहिली तर विद्यार्थी सेवा संस्थेकडे विनामूल्य समुपदेशन मिळतं, इंग्रजीतही. तिथे जाण्यासाठी फार मोठं काही घडलेलं असावं लागत नाही.

आईला सगळं एका दमात सांगू नकोस. "मी चार देश फिरले आणि नापास झाले" असं फोनवर ऐकलं तर कोणतीही आई दुसरंच ऐकेल आणि पहिलं त्याचं कारण ठरवेल. नापास झाल्याचं आधी सांग, पेपर बघून आल्यावर, पुढची तारीख हातात असताना. फिरण्याचं वेगळ्या दिवशी, आणि झालेल्यापासून सुरू न करता होणाऱ्यापासून. फाल्सच्या टेकडीवर जा, तीन देशांच्या दगडापाशी उभी राहा आणि व्हिडिओ कॉल लाव. त्या दगडाभोवती एक प्रदक्षिणा घातली की तीन देश होतात, तिला ते दाखव. तिला गंमत वाटली तर मग अॅमस्टरडॅम निघेलच. काकांना काय सांगायचं ते आई ठरवेल, तो तिचा प्रांत आहे.

एप्रिलपासून तुमच्या-आमच्यात साडेतीन तासांचा फरक असतो. तू सकाळी अकराला फोन लावलास तर घरी अडीच वाजलेले असतील. जेवणं आटोपून बाबा पण पलंगावर आडवे झालेले असतील, आणि फोन आईच्या हातात असेल.